वारा बघून बसणारे नागोजीअण्णा

कुणाच्याही घरात शिरले की नागोजीअण्णा आधी खिडकी शोधत. खिडकी दिसली की उजव्या हाताचं बोट जिभेला लावून किंचित वर धरत आणि वारा कुठून येतोय ते बघत. मग जागा अशी निवडत की वारा बाकीच्या माणसांवरून त्यांच्याकडे यावा, त्यांच्यावरून कुणाकडे जाऊ नये. हे सगळं इतकं पटकन होई की नवख्याला वाटावं, देवाला नमस्कार केला. बंगलोरमधल्या आमच्या बसवनगुडीच्या घरात त्यांची जागा ठरलेली होती. मागच्या दाराशी, उंबऱ्याला लागून एक स्टूल असे. इंदू, म्हणजे माझी बायको, त्याला अण्णांचं स्टूल म्हणायची आणि त्यावर दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही.

अण्णा गेल्याचं परवा बंगलोरहून आलेल्या एका ओळखीच्यांकडून कळलं. ऐकल्यावर मी उठलो आणि मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. पुण्याच्या या घरात तिथे स्टूल नाही.

कॉटनपेठेत त्यांचा लोखंडी वस्तूंना रंग देण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड, तिच्या मागे राहतं घर, आणि दोघांच्या मध्ये विटांची भट्टी. टेबलफॅन, सायकलींचे मडगार्ड, शिलाई मशिनचे पाय, खाटा, असं काय काय तिथे येई. गनने रंग फवारायचा, मग भट्टीत भाजायचा. घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. किती पिढ्यांपूर्वी महाराष्ट्र सोडला ते कुणाला आठवत नव्हतं. घरात मराठी तेवढी उरली होती आणि तीही कानडीच्या शेजारात राहून तिच्यासारखी दिसू लागली होती. "आजा कापडं रंगवायचा," अण्णा सांगत, "मी लोखंड रंगवतो. कापडाचं बरं असतंय, रंग आपण होऊन पितंय. लोखंडाला पाजावा लागतो."

पाजण्याआधी अंघोळ. सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून, घासून, गंज आणि तेल काढून लोखंड कोरडं केल्याशिवाय ते गनला हात लावू देत नसत. एखादं गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणत, "अंघोळ न करता लग्नाला उभं राहतो काय कोण?" आणि भट्टीतून निघालेला माल गार झाला की त्यावर नखाने टिचकी मारून कान देत. आवाज खणखणीत आला की शेवटी पंख्याचं एक पातं तोंडासमोर धरून त्यात आपल्या मिशा नीट करत. पात्यात मिशीचा केस न् केस दिसला पाहिजे. दिसला नाही तर माल परत. त्या झळाळीचा त्यांना फार अभिमान होता. शेडमध्ये एकही आरसा नव्हता आणि त्याची गरजही नव्हती.

आमची ओळख झाली ती माझ्या पुस्तकांमुळे. एका सरकारी संशोधनसंस्थेच्या ग्रंथालयात नोकरी लागून आम्ही पुण्याहून तिकडे नुकतेच गेलो होतो. जुन्या बाजारात दोन लोखंडी रॅक स्वस्तात मिळाले होते, पण गंजाचे डाग पुस्तकांना लागत होते. कुणीतरी नागोजीअण्णांचं नाव सांगितलं. मी गेलो तेव्हा त्यांनी रॅककडे बघण्याआधी बोट जिभेला लावलं आणि मी बसलो होतो तो बाक मला सोडायला लावला.

"तिथं नको, इकडं बसा. तिथं वासना येते सगळी."

मला काही कळलं नाही. बसलो. मी ग्रंथालयात असतो म्हटल्यावर त्यांनी तिथल्या तिथे माझं नाव 'पुस्तकराव' ठेवलं. बोलता बोलता मी विचारलं, "घरी कोण कोण असतं आपल्या?"

"मी एकटाच की. बायको होसकोटेला, भावाकडं." मग रॅकवरचा गंज नखाने खरवडत म्हणाले, "माझ्या वासनेपायी गेली ती. स्वल्प दिवस सोसली. मग होईना. डॉक्टर बी सांगितले, ह्यांची वासना सुटत नाही तोवर लांब राहा म्हणून."

मी छताकडे बघितलं.

"प्रयत्न लई केलो, पुस्तकराव. साबण लावलो, शिकेकाई लावलो. एकदा घासलेट बी लावून बघितलो. जात नाही वासना."

घरी येऊन मी हे इंदूला सांगितलं. तिचा चेहरा आधी गंभीर झाला, मग गोंधळला. "शिकेकाईने?" ती म्हणाली. रॅक आणायला मी एकट्यानेच जावं आणि तिथे फार वेळ बसू नये, असं आमचं ठरलं.

काही दिवसांनी दारावर फुलवाली आली. मोगऱ्याचा गजरा इंदूच्या नाकाशी धरून म्हणाली, "वासने नोडी अम्मा, येष्टु चेन्नागिदे!" बघा तरी, किती छान वास आहे! इंदू गजरा हातात घेऊन आत आली आणि जमिनीवर बसून हसत सुटली. "अहो, वासना म्हणजे वास! त्यांच्या अंगाला वास येतो हो, रंगाचा!" कानडीतली वासने अण्णांच्या मराठीत येऊन वासना झाली होती आणि आम्ही एका सरळ माणसाला भलतंच समजून बसलो होतो. त्याच संध्याकाळी इंदू माझ्याबरोबर कॉटनपेठेत आली.

हसून झालं तरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. रंग पातळ करायला थिनर लागतो. त्या थिनरच्या उग्र वासाने रखमक्कांचा, अण्णांच्या बायकोचा, श्वास कोंडत असे. लग्नानंतर सहा-सात वर्षं त्यांनी शेडमागच्या घरात काढली. मग एकदा श्वास असा अडला की भावाने येऊन नेलं. अण्णांनी दूर गवीपुरात वेगळी खोली घेऊन बघितली. पण वास भिंतींमध्ये नव्हताच. तो अण्णांच्या कातडीत, केसांत, नखांत होता. संध्याकाळी ते दारात आले की खोलीत रखमक्का खोकू लागत.

मग धंदा सोडून बघितला. एका चुलतभावाच्या चिकपेठेतल्या कापडदुकानात बसले. वास हळूहळू गेला, रखमक्का आल्या, आणि थोड्याच महिन्यांत त्यांनीच अण्णांना परत पाठवलं. ही हकिगत त्या स्वतः सांगत. "गिऱ्हाईक साडी मागितलं तर हे म्हणायचे, ह्याचा रंग कच्चा आहे, नका घेऊ. दुकान आमचंच की हो! घरी येऊन भाकरीवर टिचकी मारून बघायचे. मी म्हटले, जावा बाबा तुमच्या लोखंडाकडं. मी होसकोटेला बरी. हे असं उदास माणूस जवळ ठेवून काय करू?"

तेव्हापासून रविवारची गाठ उरली होती. रविवारचे कपडे ठेवायला त्यांच्या घरात एक जागा अशी नव्हती जिथे थिनर पोचला नव्हता. हे कळल्यावर इंदूने आमच्या ट्रंकेत त्यांच्यासाठी कोपरा केला. मग दर रविवारी सकाळी अण्णा आमच्याकडे येत, मागच्या मोरीत बराच वेळ अंघोळ करत, ट्रंकेतलं धोतर आणि सदरा घालत, आणि अंग पुसलेला पंचा दाराच्या कडीवर टाकून लांब उभे राहत.

"वहिनी, बघा की."

इंदू पंचा नाकाशी नेई. तिचा निकाल येईपर्यंत अण्णा परीक्षेला बसल्यासारखे उभे असत.

"अजून येतोय, अण्णा."

"सरी," म्हणजे कानडीत बरं, असं म्हणून ते पुन्हा मोरीत जात. डाळीचं पीठ, रिठा, ताक, जे कुणी सुचवेल ते लावून झालं. लोखंडाला एकदा अंघोळ घातली की भागायचं. त्यांचं स्वतःचं भागत नसे. वास कमी होई, जात नसे. होसकोटेची बस गाठायची म्हणून अखेर इंदूच म्हणे, "आज बराय. जा."

एका रविवारी त्यांनी आम्हालाही बरोबर नेलं. रखमक्कांच्या भावाच्या परसात होंगेचं, म्हणजे करंजाचं, मोठं झाड होतं. बुंध्याशी रखमक्का पाटावर बसल्या होत्या, बारीक चणीच्या, डोळे मोठे, पदर नाकाशी तयार. अण्णांनी बोट वर केलं, वारा बघितला, आणि चांगले दहा-बारा हात लांब जाऊन बसले. मग संसार सुरू झाला.

"जेवता की नाही वेळेवर?"

"जेवतो."

"तुमच्या शेडमधला मुनियप्पा सांगितला, नुसता चित्रान्नाचा भात खाता म्हणून!"

"त्याला काय करायचंय?"

एवढ्या अंतरावरून बोलायचं म्हणजे मोठ्याने बोलावं लागे. त्यामुळे त्या नवरा-बायकोचं सगळं बोलणं आजूबाजूच्या चार परसांना ऐकू जाई. भिंतीपलीकडून एखादी बाई मध्येच म्हणे, "खरं आहे अक्का, वाळलेत ते!" मधूनच रखमक्का हाक देत, "वारा फिरला हं!" आणि अण्णा आपला पाट उचलून झाडाच्या दुसऱ्या अंगाला जात. वारा पुन्हा फिरे, ते पुन्हा उठत. असे दिवसभर ते त्यांच्याभोवती फिरत राहिले.

एकोणीसशे साठचं दशक निम्मं झालं असेल. ग्रंथालयात येणाऱ्या परदेशी मासिकांत मला एक चित्र दिसलं. एक माणूस तारेची जाळी एका पिंपात बुडवत होता आणि पिंपात पाणी नव्हतं, पूड होती. खाली लिहिलं होतं की या रंगात द्रावक नसतो. मला त्यातलं फार कळलं नाही. मी संस्थेतल्या एका धातुशास्त्रज्ञांकडून समजून घेतलं आणि रविवारी अण्णांना सांगितलं.

"थिनर नाही तर रंग पातळ कसा होणार?"

"पातळ करायचाच नाही. कोरडाच लावायचा."

"पाण्याशिवाय अंघोळ?" ते हसले, आणि बसला निघून गेले. पण पुढच्या रविवारी अंघोळीआधीच त्यांनी विचारलं, "पुस्तकराव, ते कोरडं परत सांगा."

पुढे त्यांनी स्वतः संस्थेत जाऊन त्या शास्त्रज्ञांना गाठलं. युक्ती सांगायला सोपी होती. पिंपाच्या तळाजवळ घट्ट विणीचं कापड ताणून बसवायचं. त्यावर प्लॅस्टिकची मैद्यासारखी पूड. कापडाखालून हवा सोडायची. हवा सगळीकडून सारखी वर आली की पूड फुगते आणि पाण्यासारखी डुचमळते. तापवलेलं लोखंड त्यात क्षणभर बुडवलं की अंगाला लागलेली पूड तिथेच वितळून कातडीसारखी बसते. पुन्हा भट्टीत धरली की सारखी होते.

मुंबईहून हिरवी पूड आली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम रजा घेऊन गेलो होतो. मुनियप्पा, त्यांचा जुना कारागीर, कंप्रेसरपाशी होता. अण्णांनी मान हलवली, त्याने हवा सोडली ती सगळीच्या सगळी. पिंपातून हिरवा ढग उठला, छताला लागला आणि आमच्यावर उतरला. शेडमधली माणसं, भट्टी, वाट बघत असलेल्या खाटा, माझा चष्मा, सगळं हिरवं झालं. गल्लीतले लोक दाराशी गोळा होऊन हसू लागले. अण्णा ढगात स्थिर उभे होते. भुवया हिरव्या, मिशा हिरव्या. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला.

"मुनियप्पा, वासना येते काय?"

मुनियप्पाने तोंडातली पूड थुंकून नाक वर केलं. "इल्ल, अण्णा." नाही.

"मग सरी," अण्णा म्हणाले, आणि त्या हिरव्या चेहऱ्यावर दोन ओल्या रेघा उमटल्या.

अडलं ते कापडाशी. पातळ कापडातून पूड खाली गळे, जाडातून हवाच वर येईना. मग अण्णा चिकपेठेत दुकानामागून दुकान फिरू लागले. कापडाचा पदर ओठांना लावायचे, डोळे मिटून त्यातून फुंकायचे आणि पलीकडे तळहात धरून हवा कशी येते ते बघायचे. चुलतभावाच्या दुकानातही गेले. "हे आमचे अण्णा," तो गिऱ्हाइकांना सांगू लागला, "आधी रंग कच्चा आहे म्हणायचे, आता फुंकून बघतात." शेवटी दुहेरी घातलेल्या एका मांजरपाटावर त्यांचं समाधान झालं. आजाच्या वेळचा त्यांचा कापडाशी असलेला संबंध असा परत जुळला.

पहिली चांगली उतरलेली वस्तू होती ताटं ठेवायचं तारेचं ताटाळं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर घेऊन अण्णा होसकोटेच्या बसमध्ये बसले. आम्ही दोघंही गेलो. परसात त्यांनी ते रखमक्कांच्या पुढ्यात ठेवलं, वारा बघितला आणि मागे सरत आपल्या जागी जाऊन बसले. रखमक्कांनी आधी पदर नाकाशी धरूनच ताटाळं उचललं. मग पदर थोडा खाली आला. मग सुटला. त्यांनी ते नाकाला लावलं, फिरवून लावलं, शेवटी गालाला लावलं.

"कशाचा येतो?" अण्णांनी लांबून विचारलं.

"मेणबत्ती विझल्यावर येतोय तसा... नाही, तो बी नाही." त्यांनी गालावरून तार फिरवली. "खरखरीत आहे की हो. तुमचं ते आरशासारखं कुठं गेलं?"

"ह्यात आरसा होत नाही."

"मग लोक घेतील?"

"ताटाळी घेतील. दुधाच्या बाटल्यांच्या जाळ्या घेतील."

"आणि तुमचे फॅन?"

"फॅन नाही होणार."

रखमक्कांनी ताटाळं खाली ठेवलं. फॅनच्या पात्यात मिशा बघणारा माणूस त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होता. "मग नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही परत उदास व्हाल. मागं झालात तसे."

अण्णा बराच वेळ पायाजवळची होंगेची पानं सारखी करत होते. मग त्यांना बोलावं लागलं आणि तेही मोठ्याने, कारण अंतर तेवढं होतं.

"आरशात एकट्याचं तोंड किती बघायचं?"

भिंतीपलीकडे भांडी घासण्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

फॅनची कामं त्यांनी एकेक करून दुसऱ्या कारखान्यांना दिली. स्प्रेच्या गन विकल्या. थिनरचे डबे गेले, ज्या फळीवर ते वर्षानुवर्षं ठेवलेले असत ती फळी गेली, शेडची लाकडी दारंसुद्धा बदलली. भिंती खरवडून चुना दिला. नव्या मालाला ती झळाळी नव्हती. अंगावर बारीक पुरळ असावं तसा तो दिसे. जुनी गिऱ्हाइकं हात फिरवून नाक मुरडत. अण्णा टिचकी मारत, आवाजही पूर्वीसारखा खणखणीत येत नसे, दबका येई. तरी ते कान देत. कधी कधी रिकाम्या हाताने पातं धरल्यासारखं करून मिशांवरून बोट फिरवत, आणि लक्षात आलं की हात खाली घेत. उदास झाले का, हे मी त्यांना विचारलं नाही. रविवारी पंचा कडीवर येत राहिला. बऱ्याच महिन्यांनी एकदा इंदूने तो नाकाशी नेला, पुन्हा नेला आणि माझ्याकडे दिला. पंच्याला आमच्या मोरीतल्या साबणाचा वास होता, दुसरा नव्हता.

रखमक्का आल्या त्या दिवशी आम्ही कॉटनपेठेत होतो. टांग्यातून उतरून त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या, पदर नाकाशी. आत अण्णा भिंतीला चिकटून उभे. पदर हळूहळू खाली आला. त्यांनी आत पाऊल टाकलं, अण्णांच्या अगदी जवळ गेल्या, त्यांच्या खांद्याशी नाक नेलं आणि वळून इंदूला सगळ्यांदेखत सांगितलं, "बघा वहिनी! ह्यांच्यात आता काही वासना उरली नाही!"

इंदूने तोंडात पदर कोंबला. मग तिला राहवेना, आणि तिने रखमक्कांना कानात आमच्या मराठीतला अर्थ सांगितला. "अय्यो!" रखमक्का ओरडल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. अण्णा घाबरून दारातून बाहेर पळाले. त्यांना हाका मारून परत आणावं लागलं.

मी शब्दांच्या संगतीत आयुष्य काढलेला माणूस. पुढे केव्हातरी कोशात बघितलं. वासना या शब्दाचा एक जुना अर्थ आहे: गोष्ट निघून गेल्यावरही मनावर तिचा जो ठसा मागे राहतो तो. अण्णांचा शब्द चुकीचा आहे असं मी एके काळी समजत होतो. आज या मागच्या दाराशी उभं राहून मला तसं म्हणवत नाही.

आम्ही बंगलोर सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा निरोप घेऊन झाला होता. तरी आम्ही दोघं शेवटचं म्हणून लालबागेत गेलो, आणि तिथल्या खडकावर ते दोघे दिसले. त्यांनी आम्हाला बघितलं नाही. उंचावर वारा बराच होता. रखमक्का आधी बसल्या आणि शेजारच्या जागेवर त्यांनी पदराने झटकलं. अण्णा बसायला वाकले, मध्येच थांबले. सवयीने बोट जिभेला गेलं आणि वर झालं. रखमक्कांनी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला, ते ओलं बोट मुठीत धरलं, आणि खाली ओढून आपल्या मांडीवर ठेवलं. ते बसले. वारा त्यांच्यावरून रखमक्कांकडे वाहत होता.